बांधावरचा खांब

जिवतीच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघे शेतकरी बोलत होते.

"इंदुबाईचा गोठा उभा झाला म्हणते?"

"झाला ना, नानाभाऊ. बाई एकटी, पण काय उभा केला! रिवाजानं घरटी एक खांब आला. एकेकाचं बुड तिनं आपल्या हातानं विस्तवावर काळं केलं, उधई लागू नये म्हणून. मंगच गाडू दिला."

"मोठी खटपटी बाई हाये."

"तुमच्याई घरून आला म्हणे? तुमची तं तिच्यासंग बोलचाल नाई."

"रिवाज हाये, पाठवला. काही म्हणत होती का?"

"कोणता होता तुमचा?"

"तिच्या-माह्या बांधावरचं येनाचं झाड. दोघंई माहं माहं म्हणून भांडलो, तेच तोडलं."

"तरीच! त्याच्यावर घडीभर हात फिरवत राहिली. मंग म्हणे, हा मधात गाडा, आढ्याखाली. साऱ्या छपराचा भार ह्याच्यावर राहू द्या."

समोर एक बस येऊन उभी राहिली.

"नानाभाऊ, गाडी लागली. चला."

"तू जा. मी वापस गावात जातो. छपरावर कवेलू चढवाचे असतीन ना अजून?"