सहा शब्दांची खिडकी

(शब्दकोशाची कचेरी, दुपार. संपादक बाईंच्या हातात लाल पेन. समोर नवे सहायक. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात.)

बाई : आणि हे ‘विंडो’चं कार्ड. मागच्या बाजूला काय लिहिलंय, वाचा जरा.

मास्तर : तारीख अकरा, दुपारी चार. स्वतःच्या घरून पाहिलं.

बाई : अकरा तारखेला चार वाजता तुम्ही याच खुर्चीत होतात. मस्टरवर सही आहे. आणि चहा माझ्या कपातून प्यायलात, तेही लक्षात आहे माझ्या.

मास्तर : चुकलं बाई.

बाई : तुमच्या आधी अकरा सहायक या खुर्चीत बसून गेले, सगळे असंच म्हणायचे. आपला नियम काय? उदाहरणाचं वाक्य स्वतः पाहिलेलं हवं. रचायचं नाही.

मास्तर : ऐंशी कार्डं राहिली होती हो. उद्या नोकरीत कायम करण्याची यादी लागणार. बाकी सगळी खरीच आहेत. तिकिटाच्या खिडकीसाठी रांगेत उभा राहिलो, पाकिटाच्या खिडकीसाठी विजेच्या बिलाचं पाकीट आणलं घरून. एवढं एकच रचलं.

बाई : व्युत्पत्ती तरी नीट आहे. ‘वारा’ आणि ‘डोळा’. समुद्रापलीकडून उत्तरेचे लोक आले, त्यांनी हा शब्द आणला. त्याआधी इंग्रजांचा स्वतःचा होता, त्यात पण डोळाच. डोळ्याचं भोक.

मास्तर : आपल्या गवाक्षातसुद्धा डोळाच आहे बाई. बैलाचा.

बाई : गंमत आहे नाही? सगळ्यांना भिंतीत डोळा दिसला. आणि सगळे समजतात, त्यातून बघणारे आपणच. बरं, वाक्य वाचा.

मास्तर : ‘आमच्या समोरच्या घराच्या खिडकीत एक बाई उभी असते.’

बाई : काट मारते.

मास्तर : नका! म्हणजे, थांबा जरा. समोरच्या घराला आमच्या बाजूनं खिडकीच नाही. सपाट भिंत आहे. मुद्दाम तीच घेतली, म्हटलं, खऱ्या कुणाबद्दल लिहायला नको.

बाई : मग?

मास्तर : बारा तारखेला सकाळी बायको म्हणाली, समोरच्यांनी भिंतीत खिडकी कधी पाडली हो? मी बघितलं. खिडकी. चौकटीचा रंगसुद्धा जुना, पोपडे आलेले.

बाई : आणि बाई?

मास्तर : उभी असते. सकाळी, संध्याकाळी. हलत नाही. आमची चिमी दीड वर्षाची, ती रोज तिला टाटा करते. परवापर्यंत ती बाई काही करत नव्हती.

बाई : परवा काय केलं?

मास्तर : उलट टाटा केला.

बाई : तुम्ही स्वतः पाहिलीत तिला? या डोळ्यांनी?

मास्तर : रोज पाहतो. घर बदलायचं म्हणतोय, पण नोकरीचंच पक्कं नाही.

बाई : मग माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटला. वाक्य पाहिलेलं आहे. मागची तारीख बदला, अकराच्या जागी आजची घाला.

मास्तर : बाई, तुम्हाला याचं काहीच वाटत नाही?

बाई : वाटतं ना. आठ शब्द आहेत असं वाटतं. एका ओळीत सहा बसतात. ‘समोरच्या घराच्या’ हे दोन काढले. झालं. आता वाचा.

मास्तर : ‘आमच्या खिडकीत एक बाई उभी असते.’

बाई : सुटसुटीत. सही करा. यादीत नाव घातलं म्हणून समजा. (पुढची चार कार्डं तपासून होतात.) फोन वाजतोय तुमचा. घ्या, पण स्पीकरवर. कचेरीत खाजगी बोलणं चालत नाही.

बायको (फोनवर) : अहो, ऐकलंत का, गंमत झाली! ती समोरची खिडकी गेली. भिंत आहे तशी झाली, डागसुद्धा नाही. मी म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. आठ दिवस झोप नव्हती तुम्हाला.

मास्तर : गेली? नक्की? बघितलंस नीट?

बायको : दोनदा बघितलं. आणि ती बाईपण भली निघाली हो. आपण उगाच घाबरलो.

मास्तर : भली निघाली म्हणजे?

बायको : आलीये ना आपल्याकडे. मी स्वयंपाकघरात होते, बाहेर येऊन बघते तर आपल्या खिडकीशी उभी. दार मीच उघडं ठेवलं असेल. बोलत नाही फारसं. बसा म्हटलं तर बसत पण नाही.

मास्तर : बाई, ते दोन शब्द परत घाला.

बाई : हो. घालते.

मास्तर : लवकर हो! ‘समोरच्या’, ‘घराच्या’!

बाई : ओरडू नका. ‘समोरच्या’ लिहिलं. एक मिनिट. मास्तर, दुसरा शब्द लिहायच्या आधी एक विचारून घ्या घरी.

मास्तर : काय विचारू?

बाई : हे लिहिलं की ती समोर जाईल. एकटीच जाईल ना?

मास्तर : अगं, ऐक. चिमी कुठे आहे?

बायको : तिच्याच कडेवर. एरवी कुणाकडे जात नाही हो आपली चिमी. आता बघा, सोडायलाच तयार नाही.