इराणी बाईनं विचारलेलं

मला तो घोळ अजून उमगला न्हाई बघा. बहात्तरच्या दुष्काळाआदी माझं लगीन झालं. खर्ड्याच्या किल्ल्यापाशी इराण्यांचे तंबू पडले हुते, तिथं मी कात्री घ्यायला गेले. कात्री दाखवता दाखवता इराणीन म्हनाली, "नवरा जवळ घेताना तुला विचारतो का?"

"काय विचारायचं?"

तंबूतल्या साऱ्या बाया हसल्या. एक म्हनाली, "मी नको म्हनले, की आमचा गुमान बाहेर झोपतो."

घरी आल्यावर मी ह्यांना म्हनले, "तुमी मला कदी विचारत न्हाई."

"काय?"

मला सांगताच येईना.

दुसऱ्या दिवसापासून बिचारे विचाराय लागले. पानी तापवू का, शेळी कुठं बांधू, कालवन कशाचं करतीस.

चार लेकरं झाली. तेवढं विचारायचं राहूनच गेलं.