नव्या पेशी येत नाहीत

…नाही, चपला काढल्यात तरी नाही. राग मानू नका व्याहीबुवा, पण उंबऱ्याच्या आत यायचं नाही. तुम्ही आजोबा आहात, कबूल — मग मी आजी नाही का? एका घरात राहून नातीला मांडीवर घेतलेलं नाही मी, काचेतून बघते नि मागे फिरते. माझी लेक तेवढी तिच्याजवळ जाते, तीही हात घासघासून, मास्क लावून.

तुम्हाला वाटतं, प्रयोगशाळेत उंदीर सांभाळून सांभाळून ही बाई वेडी झाली. झालेही असेन — पण तुम्ही ते उंदीर बघितले नाहीत ना. अंगावर केस नाही, गुलाबी, सुरकुतलेले — आणि छातीत थायमस नाही. थायमस म्हणजे काय, तर रोगाशी लढणाऱ्या पेशी जिथे शिकून तयार होतात ती ग्रंथी. आपल्या छकुलीलाही तीच नाही. मग मला झोप कशी लागायची, सांगा. त्या उंदरांचे पिंजरे, पाणी, भुसासुद्धा आम्ही वाफेवर जंतू मारून घेतो — आणि कुणी एकदा हात न धुता आत गेलं, की पिंजरेच्या पिंजरे गार.

आमच्या मॅडम हेच बघतात, त्या उंदरांच्या पेशी किती जगतात, नव्या येतात का. विचारलं मी. म्हणाल्या, असतात त्या थोड्याच, पण चिवट — खूप जगतात, एकीच्या दोन होतात. मी म्हटलं, मग बरंच की. तर म्हणे, त्याच त्या जुन्या वाढतात हो, नवा रोग ओळखणारी नवी येत नाही. आणि बाळात, मॅडम? तर पिंजऱ्यावरचं कार्ड लिहायला लागल्या. डॉक्टर सांगतात, दुसऱ्या कुणाच्या थायमसचा तुकडा बसवेपर्यंत पोर जगवायची, बास. भीती वाटते हो मला. दूधवाला शिंकला तरी दूध ओतून टाकते.

आमच्याकडे रीत आहे — खोलीत एक धडधाकट उंदीर ठेवायचा, बाकीच्यांचा वापरलेला भुसा त्याच्या पिंजऱ्यात टाकायचा. खोलीत रोग शिरला असेल तर त्याच्यात दिसतो. तर इथे तो उंदीर मी. दूध, भाजी, पाहुणे — सगळं आधी माझ्याकडे. कामावर रजा टाकलीय, दारातच खुर्ची टाकून बसते. मी ठणठणीत, तर घर ठणठणीत. हसू नका. लेकीला सांगितलेलं नाही मी हे, तिला वाटतं मी उगाच पुढेपुढे करते.

काही नाही — ठसका लागला. बोलून बोलून घसा… नाही, सकाळपासूनच जरा खवखवतोय. ताप नसेल. असेल का? नको, तुम्ही हात लावू नका. अहो, सकाळचा चहा मीच केला लेकीला. तिच्या हातात दिला. आणि ती तशीच बाळाकडे — हात धुतले असतील ना तिने? धुतले असतील.

तुम्ही जा आता. खरंच जा.

अगं ए, बाहेर येऊ नकोस. पुन्हा हात धू, आणि आतून कडी लाव. नाही, मी बाहेरच आहे. लाव म्हणते ना.