डोमनलालची धान कुटाची मशीन

—नाही नाही मुनीमजी, हात लावून पाहा ना, भेता कायले? बंद हाय ते. इंजिन इलायती, धान सोलाचा हलर कलकत्त्याचा, अन् चालवणारा रंगूनचा — म्हणजे मी, डोमनलाल. तसा सौंदडचाच आहो, पण जवानी सारी रंगूनच्या भातमिलमंधी काढली. तिकडं दंगा झाला तवा जहाज धरून घरी आलो अन् होती नव्हती ते कमाई ह्या मशीनमंधी घातली. तुमचे सेठ गोंदियाहून घेतो म्हणतात, तर घेऊ द्या. पण चालत नाही म्हणून इकून राहिलो, असं मनात आनू नका. चालते. मस्त चालते. फकत — कोणी धान आनत नाही.

तसं पयल्या दिवशी सारं गाव आलतं जी. इंजिनले हार घातला, नारळ फोडला. पट्टा फिरला तसा भैय्यालाल पाटील जोडे सोडून पळाला — हासू नका, तुमीबी आताच हात मागं घेतला. दुसऱ्या दिवशी बाया टोपले घेऊन आल्या. म्हटलं, पाहा मायहो, दिवसभराचं काम बिडी सरेपर्यंत! तांदूळ कसा पांढराफेक निघाला! थोडीशी कुटाई घेतली, कोंडा अन् तुटक्या तांदळाची कनकी ठेवून घेतली, बस. त्या बाया गेल्या त्या गेल्याच. काऊन? मले काय मालूम! आता मशीन गेली की मले वापस रंगूनले जा लागते, दुसऱ्याच्या मिलमंधी पोते उचलाले. मनात नाही जी. खरं सांगतो, इचार केला की रडाले येते.

काय म्हणता? आवाज? धप-धप? ते ढेकी हाय, पायानं धान कुटतात ना, ते. शेजारची हाय — नाही, शेजारची नाही, आता तुमच्यासंगं खोटं कायले बोलू, माझ्याच घरची हाय. माझी बायको शामकला. हो! मिलवाल्याची बायको ढेकीवर! अन् एकटी नाही, साऱ्या मोहल्ल्याच्या बाया जमा करून! मी म्हटलं, अवो, घरची मशीन असून पाय कायले तोडून राहिली? तर तिनं येवढंच इचारलं — कनकी वापस देता काय? म्हटलं, कनकी मिलवाल्याची असते, रंगूनचा दस्तूर हाय. तिथं सेठ लोक बदकाइले चारतात. उठली अन् ढेकीले तेल देल्लं.

कनकीचं काय करतो म्हणता? ते काय, कोपऱ्यात पोते. उंदरं खाऊन राहिले. कुटताना तुटलेले तांदूळ ते, कोन्या कामाचे? घरोघरचा रिवाजच तसा — चांगला तांदूळ घरधन्याचा, कनकी बाईची. बाजारच्या दिवशी पदराखाली घेऊन जातात, देऊन बांगड्या आनतात, कुंकू आनतात, पोराइले फुटाने. त्याचा हिसाब कोनी मांगत नाही, मांगायची हिंमतबी नाही. माझी माय तर कनकीच्या मडक्याले बापाले हात लावू देत नव्हती. मी रंगूनले निघालो तवा बाप म्हने, फुटकी कवडी देत नाही. मग मायच गेली बाजारात, मडकं डोक्यावर घेऊन, अन् माझं तिकीट — माझं तिकीट तिनं —

...

काही नाही. घासलेटचा वास डोक्यात चढते कधी कधी.

मुनीमजी, उठा तुमी. गाडीची वेळ झाली. नाही, मशीन इकाची नाही. काऊन म्हणजे? माझी मशीन, माझी मर्जी! सेठले रामराम सांगा. अन् जाता जाता येवढं एक पोतं त्या बाजूनं धरा — कनकीचंच. जड नाही जी, उंदराइनं हलकं केलं. कुठं म्हणजे? गोंदियाले नाही, त्या धप-धपपर्यंत. शामकलानं इचारलं तर सांगा, डोमनलालच्या मनात हे पयलेपासूनच होतं.

नको, नका सांगू. तिले खोटं लवकर समजते. तुमी काही बोलूच नका. उचला.