डाव्या हाताची गोफण

डाव्या हातानं काहीही जमतं म्हणणाऱ्यांनी आमच्या काकांची गोफण बघायला हवी होती. काका लढाईवरून वडूजला परतले ते उजव्या खांद्याला गोळी लागून. हात वर जाईना. इकडं ज्वारी हुरड्यात आलेली आणि पाखरं तुटून पडलेली. काका शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढले आणि गोफण डाव्या हातात घेतली.

खाली माळ्यामागं बसलेली काकू म्हणाली, "आवं, जमंल का?"

"न जमायला काय झालं? हात दुसरा हाय, डोस्कं तेच हाय."

डोकं तेच होतं, पण दोरी नेमकी कधी सोडायची ते उजव्या हातालाच ठाऊक होतं. धोंडा मागं सुटला आणि काकूच्या शेजारचं पाण्याचं मडकं फुटलं.

काकूनं भाकरीचं फडकं उचललं आणि समोर ज्वारीत, पाखरांच्या मधोमध जाऊन बसली.

"आगं, तिथं कुठं? मी तिकडंच नेम धरतुया!"

"म्हणून तर हितं बसलीया."

ज्वारी पिकत आली तरी ती रोज तिथंच जेवायची. मग एका दुपारी धोंडा तिच्या डोक्यावरून सणाणत गेला आणि पाखरांचा थवा भुर्रकन उडाला.

 काकू फडकं उचलून माळ्यामागं येऊन बसली.