मागच्या खोलीचा गिलावा

— तर ह्या बब्रुवान गवंड्यासारखी गुळगुळीत भिंत उभ्या नळदुर्गात कुणाला जमत न्हाय, वैदेहीताई — आता बाकीचे म्हातारे गवंडी मेले न्हायतर सोलापूरला लेकाकडं गेले, त्याला म्या काय करू! हसा, हसा, मास्तर शाळेतनं यायच्या आत हसून घ्या. आन् ती मोबाईलची बॅटरी भिंतीला चिकटून धरा — सरळ न्हाय, आडवी. आडव्या उजेडात भिंतीचं पोट कुठं सुटलंय ते कळतं. मास्तरांचं बिनबॅटरीचं कळतं, ते सोडा.

सास्तूरला भूकंपानंतर नवी घरं उठली, तवा शिवलिंगप्पाच्या बैठकीचा गिलावा म्या केला. तीन दिवस नुसतं पाणी पाजलं हो त्यानं, चहाचं नाव न्हाय! म्हणून दाराशेजारी एक टेंगूळ ठिवलं — दिवसा दिसायचं न्हाय, पण सांजचं ऊन तिरपं आलं की भिंतीवर त्याच्याच नाकाची सावली! वरीसभर फडकं घिऊन पुसत हुता बिचारा. शेवटी त्याच्या बायकोनं, इरम्मानं, मला चहाला बोलावलं आन् टेंगूळ घासून घेतलं. तवा म्या टेंगूळ ठिवायचं म्हणून ठिवत हुतो, आता — काय म्हंता? लाट दिसतीया? कुठं? म्या हात सरकवतो, तुम्ही सांगा — हितं? अजून डावीकडं? — व्हय, लागली. तळहातानं न्हाय बघायचं, त्याला घट्टे पडलेत, खुशाल खोटं बोलतो. म्या हाताच्या पाठीनं बघतो. आता गुरमाळ्याची ओली फळी दाबून फिरवली की झालं. गुरमाळा कुठं — पायाशीच हाय व्हय? ठावं हाय की, मस्करी केली तुमची.

बरं, न्हाय केली मस्करी. मास्तरांना सांगू नका. काचबिंदू हाय. उजवा डोळा गेला, डाव्यातनं भोकातनं बघितल्यागत दिसतं, ते बी कमीच व्हतंय. डॉक्टरला इचारलं, गेलेलं परत यील का? म्हणला, न्हाय यत. म्या म्हणलं, मग आमच्या कारभारणीसारखंच, तुळजाबाईसारखंच झालं की — तिला जाऊन सहा वर्सं झाली. हसला न्हाय बघा. डॉक्टरकीत हसायचं शिकवीत नसतील.

पण ताई, मास्तरांनी शब्द दिलाय — मागच्या खोलीची ही भिंत बघू, मग बैठकीचं ठरवू. त्या ठेकेदार रणधीरची माणसं जिप्समच्या पिशव्या फोडून दोन दिसात उरकत्यात, मला आठ लागतील, लागू द्या. बैठकीत चार माणसं बसत्यात, एखादा भिंतीवरनं हात फिरवून इचारतो, कुणी केली हो ही? एवढं एकदा अजून कुणी इचारावं, बास, मग थापी ठिवून दीन. आन् आत्ताच ठिवून घरी बसून काय करू? तिथल्या भिंती कवाच झाल्यात.

म्हणून तर हिच्यापायी चार दिस लावले, एरवी दीड दिसाचं काम. हं, बघा आता, वरनं खालपतुर बॅटरी फिरवा. गेली ना लाट? दाखवायची ना मास्तरांना? — बॅटरी का इझवलीत, बोला की!

"मामा, पुरे करा आता. त्या भिंतीला कपाट लागणार आहे, पार छतापर्यंत. म्हणून तर ह्यांनी ती तुम्हाला दिली."