भिंतीपलीकडच्या मेंढ्या

उत्तर इंग्लंडमधल्या हेक्समच्या बसमध्ये विनीचा नुकता डोळा लागत होता, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं कानावर आलं.

"झालं का गं सगळं, एडिथ?"

"झालं बाई. घर, कुरण, मेंढ्या, सगळं नव्या मालकाच्या हवाली."

"मेंढ्यासुद्धा?"

"त्या कुठे नेणार? आईमागे फिरून शिकलेला डोंगर त्या सोडत नाहीत. डोंगर ज्याचा, मेंढ्या त्याच्या."

"बरं झालं, सुटलीस. आता रोमन भिंत बघ, तो पडका मठ बघ. सगळं जग बघायला येतं."

"भिंत आमच्याच कुरणातून जाते, डोरिन. वारं सुटलं की कोकरं तिच्या आडोशाला बसायची. मी कोकरं मोजायची, भिंत कोण बघतंय?"

"लेकाकडे करमेल ना?"

"सून म्हणते, गच्चीत बसा, नदी दिसते."

"छान की."

"छानच आहे."

बस चढाला लागली. धुकं विरलं, तशी भिंत दिसली आणि तिच्या कडेने पांढरे ठिपके.

"अगं एडिथ, उठलीस कुठे? तुझा थांबा लांब आहे."

विनीने मागे न बघताच एडिथसाठी बस थांबवायच्या घंटीचं बटण दाबलं.

"जरा भिंत बघून येते. तूच म्हणालीस ना, सगळं जग येतं."